मोठा इंटरकूलर बसवला, पण श्रेय नक्की कुणाचं?

"किती बीएचपी वाढले?" हा प्रश्न आत्तापर्यंत भेटेल त्याने विचारून झालाय, अगदी ज्याला बोनेट उघडायचा खटका कुठे असतो तेही माहीत नाही त्यानेसुद्धा. उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे तो विषय मिटला. माहीत नाही. गाडी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवलेली नाही, आणि ट्यूनिंगला हात न लावता नुसता इंटरकूलर (टर्बोने दाबून इंजिनात ढकललेली हवा गार करणारा रेडिएटरसारखा भाग) बदलून फार काही वाढत असेल असं मला वाटतही नाही. हा उद्योग केला तो वेगळ्याच कारणासाठी.

गाडी जुनी आहे, चार सिलेंडरची टर्बो डिझेल, फोर बाय फोर. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा झोपलेला आणि त्याला वारा मिळावा म्हणून बोनेटवर नाकपुडीसारखा स्कूप. सपाटीवर झकास पळते. पण सामान भरलेलं असलं, ऊन असलं आणि लांबलचक चढ लागला की पहिली पाच-सात मिनिटं मस्त ओढायची आणि मग हळूहळू दम सोडायची. धूर नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवर कुठला दिवा नाही, फक्त जिथे तिसऱ्यात चढायची तिथे दुसरा मागायला लागायची. वीस मिनिटं बोनेट उघडून उभी केली की परत ताजीतवानी. मला आधी वाटलं डिझेल फिल्टर, तो बदलला. मग एअर फिल्टर, तोही बदलला. फरक शून्य.

मग म्हटलं टर्बोनंतरच्या हवेचं तापमान बघू. इथे मी एक गाढवपणा केला तो सांगतो कारण बरेच जण हाच करतात. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटला, लावायचं ते छोटं डबडं घेतलं, मोबाईलवर 'इनटेक एअर टेंपरेचर' लावून आठवडाभर फिरलो आणि आकडा कायम बाहेरच्या तापमानापेक्षा चार-पाच डिग्रीच जास्त. मी खूश, म्हणजे इंटरकूलर एकदम ठणठणीत! नंतर ट्यूब पेटली की माझ्या गाडीत हा आकडा एअर फिल्टरच्या डब्याजवळच्या एअर फ्लो सेन्सरमधून येतो, म्हणजे टर्बोच्या आधीची हवा, ती थंडच असणार ना. खरा आकडा हवा तर इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डकडे (जिथून हवा सिलेंडरांत वाटली जाते) जो सेन्सर असतो त्याचा बघायला लागतो, आणि तो त्याच लिस्टमध्ये खाली वेगळ्या नावाने लपलेला होता. तो लावला आणि घाटात ८८ डिग्री दिसले. बाहेर ३४.

आता ही हवा एवढी तापते का, तर इंजिन गरम असतं म्हणून नाही. टर्बो हवा दाबतो म्हणून. सायकलच्या पंपाचं टोक हाताला चटका देतं तसंच. ३० डिग्रीची हवा एक बार बूस्टला (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब) दाबली, म्हणजे एकूण दाब दुप्पट केला, तर अगदी आदर्श कंप्रेसर असला तरी ती ९५ च्या आसपास जाते, आणि खऱ्या जगातला, म्हणजे साधारण ७० टक्के कार्यक्षम टर्बो धरला तर सव्वाशे. गरम हवा विरळ, म्हणजे दाब तोच दिसतो पण सिलेंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो. सव्वाशेची हवा ५५ वर आणली तर त्याच दाबाला जवळपास २० टक्के जास्त हवा मावते. डिझेलमध्ये हवा जास्त मिळाली की जळण नीट होतं, एक्झॉस्टचं तापमान खाली येतं, पिस्टन आणि टर्बो दोघांचा जीव वाचतो. मला हवं होतं ते एवढंच, पिकअपचं वेड नाही.

मग आला मोठा घोळ, वरचा ठेवायचा की पुढे न्यायचा. पुढे, म्हणजे जाळीच्या मागे रेडिएटरच्या समोर लावला की वारा भरपूर मिळतो यात वाद नाही. पण तो वारा मग तापून रेडिएटरला आणि एसीच्या कंडेन्सरला जातो, म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला. पाईप लांब होतात, तेवढी जागा भरेपर्यंत टर्बोचं लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा वेळ, वाढतं, हॉर्न हलवा, बंपरच्या मागचा पत्रा कापा, बोनेटच्या लॉकची पट्टी मधे येते, आणि एअरबॅगचे सेन्सर पुढेच असतात त्यांच्या आसपास ग्राइंडर चालवायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय मी गाडी चिखलात घालतो. पुढची जाळी एकदा चिखलाने लिंपली की तिच्यामागचं सगळंच गुदमरतं. वरच्याचं दुखणं वेगळं. खाली इंजिन नावाची भट्टी, आणि लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या संथ पण ताकदीच्या गिअरमध्ये, ताशी सहाच्या वेगाने दगडांवरून चाललोय तेव्हा स्कूपमधून वारा कसला येतोय, डोंबल. पण पाईप हातभर, जोड कमी, कापाकापी नाही. जोड कमी हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं, का ते पुढे येईलच.

तर वरचाच, पण जाड. कंपनीचा आहे तो ट्यूब-फिन प्रकारचा, बारीक नळ्या, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या, आणि त्या अॅल्युमिनियमच्या पट्टीने चिमटून बसवलेल्या, मधे रबरी गॅस्केट. नवा घेतला तो बार अँड प्लेट, पूर्ण अॅल्युमिनियम, टाक्या वेल्डिंग केलेल्या. वजनाला जवळजवळ दुप्पट. जड असण्याचा फायदा म्हणजे धातू जास्त असल्यामुळे तो तापायला वेळ घेतो, थोडा वेळ जोर लावला तर उष्णता पिऊन टाकतो. तोटा पण तोच, एकदा तापला की गार व्हायलाही वेळ घेतो. हे विकणारा सांगत नाही.

माझ्या गाडीचं जे काही होतं ते एका काकांकडे होतं. सख्खे नाहीत, पण त्या गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण त्यांना काकाच म्हणतो. मी म्हटलं काका, काम मी करतो, तुम्ही फक्त बघा. ते म्हणाले, "कर. आधी ते धू."

मी म्हटलं नवीन आहे, पॅक आहे. ते काही बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. मग दोन वाटीभर रॉकेल आत ओतलं, दोन्ही तोंडं हाताने दाबून लहान पोराला झोपवतात तसा पाच मिनिटं हलवला आणि पांढऱ्या कापडावर उपडा केला. कापडावर चंदेरी चुरा. कापताना आणि वेल्डिंग करताना राहिलेला अॅल्युमिनियमचा कीस, काही कण चक्क नखाच्या टोकाएवढे. तो सगळा थेट इंजिनात गेला असता. तीन वेळा धुतला तेव्हा कापड कोरं निघालं. मग कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून रात्रभर उलटा ठेवला. हे वाळवणं टाळू नका, डिझेल इंजिन हवेबरोबर जे जळाऊ येईल ते जाळतं, आत रॉकेल राहिलं तर इंजिन स्वतःच्या मर्जीने रेस होतं आणि किल्ली बंद करून थांबत नाही.

जुना काढणं सोपं. चार बोल्ट, दोन होज, एक सेन्सर, बास. एक बोल्ट घुमायला लागला पण थोडं तेल आणि थोड्या शिव्या यावर निघाला. जुन्यातून चमचाभर तेल बाहेर आलं. तेवढ्याने घाबरू नका, इंजिनाच्या ब्रीदरची वाफ टर्बोकडे जाते त्यातून तेलाचा ओशटपणा आत येतोच. वाटीभर निघालं असतं तर टर्बोच्या सीलकडे बघायला लागलं असतं. आणि मी इंटरकूलर उघडला म्हणजे आत ते काळं डांबरासारखं पण दिसेल असं मला वाटत होतं, ते नव्हतं, कारण ईजीआरची (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी माझ्या गाडीत इंटरकूलरच्या पुढे मिसळते, ती घाण सगळी मॅनिफोल्डमध्ये. ते काम अजून बाकी आहे, त्याबद्दल आज बोलायचं नाही.

उघड्या पाईपांत फडकी कोंबली, वॉशर पडायला नको म्हणून. काका जाता जाता म्हणाले, "किती कोंबलीस?" मी म्हटलं दोन. "लिहून ठेव." मी हसलो, पण त्यांनी खरंच खडूने बोनेटच्या आतल्या बाजूला '२ फडकी' असं लिहिलं. नंतर बसवताना मी टर्बोकडच्या पाईपातलं एक काढलं, मोबाईल वाजला, बोललो, परत आलो आणि सरळ होज चढवायला घेतला. वर बघितलं तर '२ फडकी'. दुसरं मॅनिफोल्डच्या तोंडात तसंच होतं. अंगावर काटा आला. आता माझ्या टूलबॉक्समध्ये खडू असतो.

होज सिलिकॉनचे घेतले, पण बघून. नुसतं सिलिकॉन तेलाला टिकत नाही, आतून मऊ पडतं आणि बाहेरून पाझरल्यासारखं दिसायला लागतं, म्हणून आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेले. चढवताना तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही, नंतर प्रेशर आलं की त्यावरूनच होज घसरतो. मी घरातला हेअरस्प्रे मारला, ओला असताना सरकतो आणि वाळला की धरून ठेवतो. घरून त्यावरून बोलणी खाल्ली तो भाग वेगळा.

सेन्सरचा ओ-रिंग नवीन टाकला. त्याचे दोन छोटे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये जातात, तिथे मोठा पाना घेऊन मर्दुमकी दाखवली की आटे गेलेच म्हणून समजा. बोटांनी पूर्ण फिरवायचे आणि मग छोट्या पान्याने नुसता इशारा करायचा.

आता ज्यात खरा वेळ गेला ते. बोनेट. जाड इंटरकूलर म्हणजे उंच इंटरकूलर. बोनेट बंद झालं, लॉक लागलं, मला वाटलं झालं काम. पण वरचा इंटरकूलर इंजिनाला धरलेला असतो, बॉडीला नाही, आणि इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डोलतं. चालू करताना, बंद करताना, लो रेंजमध्ये झटका बसला की तर भलतंच. म्हणजे उभ्या गाडीत न टेकणारा इंटरकूलर चालत्या गाडीत बोनेट ठोकू शकतो. मग मुलांच्या खेळण्यातला क्ले आणला, लिंबाएवढे गोळे करून इंटरकूलरच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे ठेवले, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि बोनेट हळूच बंद करून परत उघडलं. तीन गोळे पेढ्यासारखे जाड राहिले. ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यातला पापड झाला होता. पट्टीने मोजला, ४ मिलिमीटर. मला निदान १५ तरी हवे होते.

एकूण पाच वेळा क्ले ठेवला. आधी बोनेटच्या आतलं उष्णतारोधक अस्तर तेवढ्या भागात कापलं, ९ झाले. मग मागच्या ब्रॅकेटखालचे वॉशर काढले तर होज तिरका बसायला लागला. परत घातले, पुढच्या बाजूला दोन वाढवले, म्हणजे अख्खा इंटरकूलर किंचित मागे झुकला, १३. शेवटी ब्रॅकेटची भोकं कानसने लांबट केली आणि १६ वर आणून सोडलं. दुपारी एकला सुरू केलेलं हे प्रकरण दिवे लावायच्या वेळेला संपलं. त्यानंतर स्कूप आणि इंटरकूलरच्या मधली स्पंजची पट्टी. ती क्षुल्लक वाटते पण नसली तर स्कूपमधून आलेला वारा जाळीतून जाण्याऐवजी कडेने पळून जातो, पाण्याला उतार तसा वाऱ्याला फट. जुनी पट्टी चिरडून पातळ झाली होती, नवी जाड लावली, चारही बाजूंनी.

पहिली चक्कर. गल्लीत ठीक, रस्त्याला लागलो, तिसऱ्यात पाय दाबला आणि फट्ट! टायर फुटल्यासारखा आवाज, मागे काळ्या धुराचा पडदा, गाडीत जीवच नाही. मॅनिफोल्डकडचा होज उडाला होता. डिझेल असल्यामुळे इंजिन चालू राहतं आणि माणसाला वाटतं हळूहळू घरी जाऊ, पण त्या बाजूचा होज निघाला की इंजिन फिल्टर न झालेली रस्त्याची धूळ थेट ओढतं, आणि टर्बो बिचारा दाब बनत नाही म्हणून जिवाच्या आकांताने फिरत राहतो. बाजूला घेतली, बंद केली.

चूक माझीच. पाईपाच्या तोंडाशी एक उंचवटा असतो, बीड म्हणतात, होज त्याच्या पलीकडे जायला हवा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसायला हवा. मी क्लॅम्प बरोबर उंचवट्यावर आवळला होता. आवळताना एकदम घट्ट वाटतो, आणि वाटण्यावर गेलो. नवे टी-बोल्टचे क्लॅम्प होते, जुन्या स्क्रूवाल्या क्लिपांपेक्षा कितीतरी भारी, पण चुकीच्या जागी लावला तर भारी क्लॅम्पही शोभेलाच.

काकांना फोन केला. "साबण लावून बघितलंस?" नव्हतं बघितलं. मग परत आल्यावर ते केलं जे आधी करायला हवं होतं. दोन्ही होजच्या मोकळ्या टोकांना पीव्हीसी पाईपाची बुचं, एका बुचाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, आणि रेग्युलेटर लावून हळूहळू एक बारपर्यंत हवा. बुचासमोर तोंड ठेवू नका, सुटलं तर बंदुकीसारखं येतं. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडाला. टर्बोकडच्या क्लॅम्पजवळ बारीक फेस आला, अर्धा फेरा आवळला, गेला. सेन्सर कोरडा. वेल्डिंग कोरडं. दहा मिनिटं प्रेशर धरून राहिलं.

आकडे आता. तोच घाट, तेवढंच सामान, बाहेर ३३-३४. आधी ८८ पर्यंत चढायचे, आता ६१ च्या वर गेले नाहीत आणि तिसरा गिअर शेवटपर्यंत टिकला. सपाटीवर फरक ५-६ डिग्रीचा, म्हणजे न सांगण्यासारखा. लो रेंजमध्ये मात्र गंमत आहे, पहिला अर्धा तास नवा खूप थंड राहतो, पण एकदा का ८० ला पोहोचला की तिथून खाली यायला जुन्यापेक्षा जास्त वेळ लावतो. बोनेट उघडून ठेवलं तरी हात लावायची सोय नाही. खाली उष्णतेचा पत्रा आणि वर छोटा पंखा हा पुढचा उद्योग. बूस्ट पण किंचित लवकर भरतं असं वाटतं, पण वाटण्याबद्दल वर बोललोच आहे.

एवढं सगळं लिहून मी हा लेख संपवणार होतो. छान गोष्ट होती, मोठा इंटरकूलर बसवला, २७ डिग्री वाचले.

मग गेल्या रविवारी जुना इंटरकूलर माळ्यावर टाकायच्या आधी सहज म्हणून त्यालाही तीच बुचं लावली आणि पाण्याच्या टबात बुडवला. अर्धा बार हवा. प्लॅस्टिकची टाकी जिथे चिमटलेली असते त्या कडेने, एका कोपऱ्यातून, मोहरीएवढे बुडबुडे. एकामागून एक, संथ. बादलीभर कडकडीत गरम पाणी टबात ओतलं. अर्ध्या मिनिटात मोहरीचे वाटाणे झाले आणि मग सरळ धारच लागली. गॅस्केट गेलेलं. थंड असताना जवळजवळ धरत होतं, तापलं की प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम वेगवेगळं फुगून ती कड उघडत होती.

म्हणजे घाटात काय व्हायचं बघा. जोर लावला, हवा तापली, कड उघडली, बूस्ट गळायला लागलं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ठरलेला दाब हवा असतो, म्हणून तो टर्बोला अजून जोरात फिरवणार. टर्बो जोरात फिरला की हवा अजून तापणार. अजून तापली की कड अजून उघडणार. वीस मिनिटं उभी केली की गार होऊन कड मिटायची आणि गाडी ताजीतवानी. दिवा लागत नव्हता कारण ईसीयू कसंबसं भागवून नेत होता. मी घाटात बघितलेले ८८ हे चांगल्या स्थितीतल्या जुन्या इंटरकूलरचे नव्हतेच, फुटक्याचे होते. आणि माझी २७ डिग्रीची फुशारकी एक नवीन विरुद्ध एक गळका अशी आहे.

यातले किती जाड इंटरकूलरचे आणि किती नुसती गळती बंद झाल्याचे, ते कळायला एकच मार्ग आहे. जुन्याला नवं गॅस्केट टाकून, कड परत चिमटून, गाडीला बसवून, त्याच घाटात न्यायचं.

काकांना टबातला व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. म्हणाले, "मग बसव की जुना परत. दोन तासांचं काम." मी खडू शोधायच्या निमित्ताने आत निघून गेलो.